ड्रॉवरमधलं सिम कार्ड आणि ईमेलची किल्ली

परदेशात आले तेव्हा माझं पुण्याचं सिम कार्ड बाबांकडे राहिलं. जुन्या फोनमध्ये घालून त्यांनी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं आणि आठवणीने रिचार्ज करायचे. मध्यंतरी त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या गडबडीत ते राहून गेलं. भारतात सलग ९० दिवस न वापरलेलं प्रीपेड कार्ड बंद होऊ शकतं. तसंच झालं, आणि आम्हा दोघांनाही ते कळलं नाही.

पुढे माझा फोन बिघडला. नव्या फोनवर ईमेल उघडायला गेले, तर ‘तुमच्या क्रमांकावर कोड पाठवला आहे’ असा संदेश. शेवटचे दोन आकडे ओळखीचे होते. ड्रॉवरमधलं कार्ड! व्हिसाची कागदपत्रं, घरभाड्याचा करार, सगळं त्याच खात्यात. लॅबमधल्या संगणकावर खातं उघडं राहिलं होतं, म्हणून निभावलं. पण बंद झालेला क्रमांक काही काळाने दुसऱ्याला दिला जातो. तो कोड उद्या कुणा अनोळखी माणसाच्या हातात पडला असता.

ईमेलला एवढं जपायचं का? बऱ्याच संकेतस्थळांवर ‘पासवर्ड विसरलात?’वर बोट ठेवलं की नवा पासवर्ड ठरवायची लिंक बहुधा ईमेलवरच येते. म्हणजे हे खातं नुसती टपालपेटी नाही, घरातल्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा आहे. आणि तो जुडगा आपण खिशात घेऊन फिरतो.

त्यात ईमेलची घडण भाबड्या काळातली. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये ‘ॲट द रेट’चं चिन्ह वापरून पहिला नेटवर्क ईमेल पाठवला. १९८२ मध्ये एसएमटीपी हे नियम ठरले, पण पाठवणारा खरा कोण हे तपासायची सोय त्यात नव्हती. आंतरदेशीय पत्रामागे ‘प्रेषक’ म्हणून कुणाचंही नाव लिहिता येतं, तसंच हे. पुढे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तपासण्या आल्या. पण त्या पत्त्यातलं डोमेन तपासतात, शेजारी दिसणारं नाव नाही. फोनच्या अरुंद पडद्यावर आपल्याला बऱ्याचदा फक्त नावच दिसतं. म्हणून पैशांचा किंवा पासवर्डचा विषय असेल तर नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडा आणि त्याचा शेवट नीट वाचा. बँकेचं नाव आधी आणि शेवटी भलतंच काही असेल, तर तो मेल बँकेचा नाही.

आता कोडबद्दल. एसएमएसने येणारा कोड सिमवर अवलंबून असतो. ऑथेंटिकेटर ॲपचं तसं नाही. सुरुवातीला क्यूआर कोड स्कॅन करताना फोन आणि सर्व्हर यांच्यात एक गुप्त संख्या ठरते. मग दोघंही ती संख्या आणि घड्याळातली वेळ यांवरून तेच गणित करतात आणि साधारणपणे दर ३० सेकंदांनी नवा सहा आकडी कोड काढतात. नेटवर्क लागत नाही, सिम लागत नाही; विमानातही चालतं.

अर्थात, फसव्या पानावर हाही कोड आपण स्वतःच टाकू शकतो. पासकी तिथे उपयोगी पडते. तिची खाजगी किल्ली खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते. आपण फसलो तरी फोन फसत नाही.

आज दहा मिनिटं काढून एवढं करा. खात्यातला रिकव्हरी क्रमांक चालू आहे ना, बघा. बॅकअप कोड छापून कपाटात ठेवा. लॉक स्क्रीनवर मेलचा मजकूर दिसणं बंद करा. खातं कुठल्या उपकरणांवर उघडं आहे ते तपासा. अनोळखी असेल ते काढून टाका. मेल आपोआप दुसरीकडे पाठवायचा नियम कुणी लावलेला नाही ना, हेही बघा. चोराने तो लावला असेल, तर पासवर्ड बदलला तरी पत्रं त्याच्याकडे जात राहतात.

मग भारतात व्हिडिओ कॉल लावा आणि आईबाबांच्या फोनवरही हेच करा. आमच्या बाबांना वीस मिनिटं लागली. शेवटी म्हणाले, “म्हणजे आता ते कार्ड सांभाळायला नको?”

“नको बाबा. तो कोड छापलेला कागद तेवढा सांभाळा.”