‘सलाईन’ म्हणजे नेमके काय?

शिरेतून चढणाऱ्या प्रत्येक बाटलीला ‘सलाईन’ म्हणण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. वस्तुतः एकीत मिठाचे पाणी असते, दुसरीत शर्करेचे, तर ‘रिंगर लॅक्टेट’मध्ये मिठाखेरीज पोटॅशियम व कॅल्शियमही असते. भातलावणीच्या दिवसांत आपल्या सिंधुदुर्गात लेप्टोचा ताप डोके वर काढतो. तो बळावला की पुष्कळदा सेफ्ट्रायक्झोन देतात. आणि या औषधाची कॅल्शियमशी गाठ पडली की न विरघळणारा साका तयार होतो. असा साका फुप्फुसांत व मूत्रपिंडांत बसून काही नवजात अर्भके दगावली, तेव्हा २००७ साली अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनी इशारा दिला. म्हणून हे औषध रिंगरमध्ये मिसळावयाचे नाही. मोठ्या माणसाला दोन्ही एकामागून एक द्यावयाची, तर मध्ये नळी नीट धुवून घ्यावी लागते. ही धुण्याची दोन मिनिटे रात्रपाळीच्या एकट्या परिचारिकेने कोठून आणावयाची, हे खाटांची संख्या वाढविणाऱ्यांनी सांगावे! फेफऱ्यावरील फेनिटॉइनची तऱ्हा निराळी. त्याला मिठाचे पाणी चालते. शर्करेच्या पाण्यात त्याचे स्फटिक बनतात. साका निदान डोळ्यांना दिसण्याचा संभव असतो. अँपिसिलिन मात्र शर्करेच्या पाण्यात मुकाट्याने निकामी होत जाते, आणि बाटली स्वच्छच दिसते.