पीटर फॅन्यूल व त्याचे सभागृह

वंश चालावा म्हणून दत्तक घेणाऱ्या आपल्या समाजास, पुतण्याने अविवाहित राहावे यासाठी मिळकतीची अट घालणारा चुलता विपरीतच वाटेल. अमेरिकेतील बोस्टन शहरचा धनाढ्य व्यापारी अँड्र्यू फॅन्यूल याने अशी अट घातली होती, असे परंपरेने सांगतात. धाकटा पुतण्या बेंजामिन याने लग्न केले व तो वारसा गमावून बसला. 1738 साली चुलत्याच्या मृत्यूनंतर सारे वैभव अविवाहित पीटरकडे आले.

हे घराणे मूळचे फ्रान्समधील प्रॉटेस्टंट. धर्मच्छळामुळे देशत्याग करून आलेले. मासळी, साखर, मद्य यांच्या व्यापारांत पीटरने अपार धन मिळविले. पण त्या व्यापारांत गुलामही होते. त्याच्या एका जहाजाचे नाव होते ‘आनंदी ब्रह्मचारी’! मालकाची ही थट्टा खासच. परंतु ते जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे आणीत होते, हे कळताच आमचे हसू ओठांवरच विरले.

1740 साली त्याने स्वखर्चाने शहरास बाजाराची इमारत बांधून देऊ केली. परंतु बाजार एका जागी बांधून ठेवण्यास लोकांचा रोष इतका, की तीनच वर्षांपूर्वी पाद्र्यांचा वेष घेतलेल्या जमावाने एक बाजार पाडला होता. अखेर देणगी स्वीकारली गेली ती 367 विरुद्ध 360 मतांनी. फुकटच्या दानासही केवळ सात मतांचे आधिक्य! खाली बाजार व वर सभागृह अशी ती वास्तू 1742 साली पुरी झाली. पुढच्याच मार्चमध्ये पीटर वारला, आणि तेथील पहिली मोठी सभा भरली ती त्याच्याच शोकार्थ. मृत्युपत्र नव्हते, तेव्हा ज्यास चुलत्याने दूर सारले, तो बेंजामिन वारसांत आलाच.

1761 च्या आगीनंतर वास्तू पुन्हा उभारली गेली. इंग्रजांच्या करांविरुद्ध तेथे सभा गाजल्या व लोक तिला ‘स्वातंत्र्याचा पाळणा’ म्हणू लागले. 1849 साली त्याच छताखाली फ्रेडरिक डग्लस बोलला. तो स्वतः गुलामगिरीतून पळून आलेला! आणि 2023 साली या वास्तूचे नाव बदलावे असा ठराव बोस्टनच्या नगरपरिषदेने संमत केला. पीटरच्या अखेरच्या मिळकतीच्या यादीत चांदीची भांडी, मद्य व गाडी यांच्या जोडीस घरचे गुलामही नोंदलेले आहेत.