संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो तेव्हा

व्यापाऱ्याच्या घरी संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. बिले, जी. एस. टी.ची विवरणे, उधारीची खतावणी, सारे त्याच्या पोटात असते. आणि नेमके महिनाअखेरीच्या रात्री, आकडे अर्ध्यावर आले असता, तो कसलीही सूचना न देता अंधारतो व काही घडलेच नाही अशा थाटाने पुन्हा सुरू होतो. एकदा घडले तर सोडून द्यावे. आठवड्यात तीनदा घडले तर चौकशी करणे प्राप्तच आहे.

अशा वेळी दुरुस्तीवाल्याचा ठरलेला सल्ला असतो, ‘शेठजी, फॉरमॅट मारून टाकू.’ पोत्यातून दोन किडके दाणे निघाले म्हणून आपण वखार रिकामी करीत नाही. पोते टोचून नमुना काढतो आणि तळहातावर घेऊन पाहतो. येथेही तेच करावे. मात्र त्याहीपूर्वी हिशेबाच्या फायली निराळ्या डिस्कवर उतरवून घ्याव्या, कारण दोष आतील हार्ड डिस्कचाच असला तर ती पुढच्या खेपेस उघडेलच असा भरवसा नाही.

विंडोज प्रणालीला आपल्या गाभ्यात गंभीर चूक आढळली, की तसेच पुढे चालून माहिती नासविण्यापेक्षा ती सारे काम जागच्या जागी थांबविते व चुकीचे नाव पडद्यावर लिहिते. हा पडदा वर्षानुवर्षे निळा असे. २०२५ पासून विंडोज ११ मध्ये तो काळा झाला. परंतु चूक होताच आपोआप पुन्हा सुरू व्हावे, अशी आज्ञा प्रणालीत मुळातच घातलेली असते. त्यामुळे ती पाटी वाचून होण्याआधीच पुसली जाते. साक्षीदार जबानी देण्यास उभा राहावा आणि शिपायाने त्याला बाहेर काढावे, असा हा प्रकार!

ही आज्ञा आधी काढून टाकावी. ‘सिस्टिम प्रॉपर्टीज’ उघडून ‘ॲडव्हान्स्ड’ या पानावरील ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’च्या ‘सेटिंग्ज’मध्ये जावे व ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’समोरची खूण पुसावी. पुढच्या खेपेस पाटी तशीच उभी राहील. मोबाइलने तिचे छायाचित्र घ्यावे. ‘मेमरी मॅनेजमेंट’ असे नाव आले तर रॅमचा संशय धरून ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ रात्रभर चालू द्यावे. नावात ‘ड्रायव्हर’ हा शब्द असेल, तर नुकताच बसविलेला प्रिंटर वा एखादा नवा प्रोग्रॅम आठवून पाहावा.

बाहेरून आलेला प्रोग्रॅम काय करू शकतो, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या संरक्षक प्रोग्रॅमची एक सदोष फाइल पोहोचताच सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले, व त्यांतील पुष्कळसे सुरू होऊन पुन्हा पुन्हा कोसळत राहिले. आपल्या देशातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. उपाय मात्र साधा निघाला: ‘सेफ मोड’मध्ये यंत्र उघडून ती एक फाइल काढून टाकावयाची. फॉरमॅटची गरज नव्हती.

आता दुसरी शक्यता. खूण पुसल्यावरही पाटी न दिसता यंत्र एकदम बंद होऊन सुरू होत असेल, तर विंडोजला चूक लिहून ठेवण्यास सवडच मिळालेली नाही. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये अशा वेळी ‘कर्नेल पॉवर ४१’ ही नोंद सापडते. तिचा अर्थ इतकाच, की यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. येथे प्रोग्रॅमचा नाद सोडून वीज व उष्णता पाहावी. आपल्यापैकी अनेकांची घरे दुकानाच्या माडीवर आहेत. धान्याची पिठूळ धूळ पंख्याच्या पात्यांवर गोधडीसारखी बसते, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचविण्यासाठी बंद पडतो. वायर काढून, मऊ कुंचल्याने, पंखा बोटाने धरून ती झाडावी. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसाव्या. (शाळकरी नातवंडांचे खोडरबर येथे कामास येते.) एस. एम. पी. एस.ची पेटी मात्र कदापि उघडू नये. वायर काढल्यावरही तीत घातक दाब शिल्लक राहतो.

आमच्या घरी गेल्या पावसाळ्यात असेच चालले होते. विंडोज नव्याने घालण्याचा सल्ला मिळाला. चिरंजीवांनी तो न मानता यंत्राची वायर यू. पी. एस.मधून काढून भिंतीच्या सॉकेटात लावली. चार दिवस यंत्र निमूट चालले. यू. पी. एस.ची बॅटरी थकलेली होती, दिवे क्षणभर मंदावले तरी ती तग धरीत नसे. बॅटरी तेवढी बदलली. खतावणीचे एक पानही हलले नाही.