चिनी मातीची नसलेली चिनी किटली

'चिनी मातीची किटली' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पांढरी, चकचकीत, वर निळी फुलं. आजची आपली किटली चीनचीच आहे, मातीचीच आहे, पण ज्याला आपण चिनी माती म्हणतो त्यातली नाही. रंग जांभळट-तपकिरी, आणि वर काचेसारखी झिलई अजिबात नाही. ऑनलाइन बघा, काही शे रुपयांनाही मिळते आणि काही हजारांनाही. 'हॅन्डमेड' मात्र दोन्हींवर लिहिलेलं असतं! मग आपण पैसे नेमके कशाचे मोजतो? आज तेवढंच समजून घेऊ.

ही किटली चीनच्या जिआंगसू प्रांतातल्या यीशिंग शहराची. तिथल्या मातीला 'झिशा' म्हणतात, म्हणजे जांभळी वाळू. ही माती नदीकाठची मऊ माती नाही, डोंगरातून दगडासारखी खणून काढतात. उघड्यावर ठेवून ती भुगभुशीत होऊ देतात, मग दळायची, चाळायची, भिजवायची आणि लाकडी हातोड्यानं कुटायची. हिच्यात लोह भरपूर, म्हणून हे रंग.

तिला भाव आला तो चहा प्यायची पद्धत बदलल्यामुळे. पूर्वी चीनमध्ये चहाच्या वड्या दाबून बनवत. १३९१ मध्ये मिंग सम्राट होंगवूनं दरबाराला अशा वड्या पाठवणं बंद केलं आणि सुट्या पानांचा चहा मागवला. सुटी पानं गरम पाण्यात मुरवायची, तर झाकणाचं छोटं भांडं हवंच ना! पुढे सोळाव्या शतकापासून यीशिंगच्या किटल्यांचं नाव होत गेलं.

आता खरी गंमत. अस्सल हातची गोल किटली चाकावर फिरवून घडवत नाहीत, ती थापटून घडवतात. कुटलेल्या मातीची पातळ पट्टी कापायची, तिची दोन टोकं जोडून नळकांडं करायचं. डाव्या हाताची बोटं आत, उजव्या हातात लाकडी फळी. हलके हलके थापटत गेलं की वरचा काठ आत झुकत जातो. त्यावर गोल चकती लावून तोंड बंद करायचं, मग उलटं करून दुसरी बाजूही तशीच. आत हवा कोंडलेली, टम्म फुगलेल्या पुरीसारखी. मग तोटी, कान, झाकण वेगवेगळं घडवून जोडायचं. शेवटी शिंगाच्या पातळ पट्टीनं अंग घोटायचं.

आपला कुंभारही माठ चाकावरून उतरवला की थापटूनच मोठा करतो, आतून गोल दगडाचा आधार, बाहेरून लाकडी थापी. फरक आहे भट्टीत. माठ हजार अंशांच्या आत भाजतात, त्यामुळे तो पाझरतो आणि पाणी गार होतं. यीशिंगची किटली अकराशे-बाराशे अंशांना भाजतात. ती पाझरत नाही, पण झिलई नसल्यानं चहाचा वास थोडा धरून ठेवते. म्हणून शौकीन लोक एका किटलीत एकाच जातीचा चहा करतात, साबण लावत नाहीत. वर्षानुवर्षं वापरली की तिला आपोआप चमक येते.

तर 'हॅन्डमेड'चे तीन अर्थ निघतात. एक, वर सांगितली तशी पूर्ण हातची. दोन, अर्धी हातची: अंग साच्यात दाबून काढलेलं, जोडकाम आणि घोटाई हातानं. तीन, पातळ माती साच्यात ओतून काढलेली, हातकाम जवळपास नाहीच. अर्धी हातची किटली वाईट नसते, रोजच्या वापराला उत्तम. फक्त तिला पूर्ण हातचीचा भाव देऊ नका. तळाच्या शिक्क्यावर भाळू नका, शिक्का कुणीही मारू शकतो. गू जिंगझोऊ या कारागिराची एक किटली २०१० मध्ये बीजिंगच्या लिलावात १ कोटी २३ लाख युआनला गेली. एवढा भाव असल्यावर नकला होणारच!

घेताना एवढं बघा: झाकण नीट बसतंय का? ओतताना धार सरळ पडते का, आणि थांबवली की तोटीखाली ओघळ येतो का? गरम पाणी घातल्यावर रंगाचा किंवा रसायनाचा वास येत असेल, तर ती परत करा.

आणि शेवटचं. अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनबाहेर मिळतो तसा दूध-साखर-आलं घालून उकळलेला कटिंग हिच्यात ओतू नका. दुधाचा अंश मातीत धरून राहतो, मग आंबूस वास जाता जात नाही. बिनदुधाचा चहा घरात होत असेल तरच ही घ्या. नाहीतर आपलं स्टीलचं पातेलं आणि गाळणं झकास आहे!

भेटूया पुढच्या भागात. तोवर चहा घ्या, मजेत राहा.