प्रवाळबेटावर पायांचे रक्षण

अरबी समुद्रातील लक्षद्वीप हा बहुतांशी कंकणाकृती प्रवाळबेटांचा समूह असून त्याची एकूण भूमी सुमारे ३२ चौरस किलोमीटर एवढीच आहे. बंगालच्या उपसागरातील अंदमान बेटांभोवती प्रवाळांचे पट्टे किनाऱ्याला झालरीप्रमाणे बिलगलेले आढळतात. सुटीत या बेटांवर जाणाऱ्या प्रवाशास शुभ्र वाळू, उथळ पाणी आणि स्वच्छ दिसणारा समुद्रतळ पाहून अनवाणी पायांनीच पाण्यात शिरण्याचा मोह होतो. परंतु समुद्रतळ दिसणे निराळे आणि तो ओळखता येणे निराळे. म्हणून येथे पायात काय घालावे, याचा विचार निघण्यापूर्वीच करावयास हवा.

पायांस होणाऱ्या इजा मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. पहिली इजा कापण्याची. प्रवाळ हा प्राणी असून तो आपल्याभोवती कॅल्शियम कार्बोनेटचा कठीण सांगाडा रचतो. या सांगाड्याच्या कडा धारदार असतात. त्यांचे सूक्ष्म कण जखमेत राहिल्यास ती चिघळते व भरून येण्यास वेळ लागतो. दुसरी इजा टोचण्याची. सी-अर्चिन हा साळिंदरासारखा काटेरी सागरी प्राणी खडकांच्या कपारींत राहतो. त्याचे काटे ठिसूळ असल्याने कातडीत शिरून आतच मोडतात. त्याहून भयंकर तो दगडमासा. शेवाळलेल्या धोंड्यासारखा दिसणारा हा मासा निश्चल पडून राहतो. त्याच्या पाठीवर बहुधा १३ काटे असून प्रत्येक काट्याच्या दोन्ही बाजूंस विषग्रंथी असतात. पाय पडताच काटा आत शिरतो आणि त्याच दाबाने विष जखमेत उतरते. तिसरी इजा घसरण्याची. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खडकांवर शेवाळाचा बुळबुळीत थर असतो. त्यावरून पाय निसटला म्हणजे माणूस धारदार खडकावरच आदळतो.

काट्याचे सामर्थ्य कशात आहे, हे साध्या गणिताने कळते. दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर पडणारा भार. ६० किलोग्रॅम वजनाचा मनुष्य एका पायावर उभा राहिला आणि त्याच्या तळव्याचे टेकणारे क्षेत्र १५० चौरस सेंटिमीटर मानले, तर दर चौरस सेंटिमीटरवर ०.४ किलोग्रॅम भार पडतो. याच वजनापैकी केवळ ६ किलोग्रॅम भार १ चौरस मिलिमीटरच्या टोकावर एकवटला, तर तो दर चौरस सेंटिमीटरला ६०० किलोग्रॅम होतो; म्हणजे दाब १,५०० पट वाढतो. बुटाच्या तळाचे कार्य नेमके याच्या उलट आहे. टोकावर एकवटलेला भार तो पुन्हा मोठ्या क्षेत्रावर पसरवितो. पातळ, लवचीक तळ काट्याभोवती वाकतो व हे कार्य करू शकत नाही. यावरून बूट निवडताना रंग वा आकार पाहण्याआधी तळ पाहावा, हे उघड होते.

दुकानात याची परीक्षा सहज करता येते. बुटाच्या तळावर बाहेरून अंगठा दाबावा; आतील बोटास तो स्पष्ट जाणवला, तर तो तळ वाळूपुरताच उपयोगी समजावा. चांगला बूट बोटांच्या मुळाशी वाकतो, परंतु ओल्या फडक्यासारखा पिळला जात नाही. तळाचे रबर ओल्या फरशीवर घट्ट धरणारे असावे व त्यावर खोल खाचा असाव्यात. बोटे व टाच पूर्णपणे झाकलेली हवीत. उघड्या सपाता पाण्यात पायातून निसटतात, म्हणून त्या येथे कुचकामी ठरतात. बुटाचा वरचा भाग जाळीदार कृत्रिम धाग्याचा किंवा निओप्रीनचा असावा. सुती कापड पाणी शोषून जड होते व वाळण्यास वेळ घेते. आत शिरलेले पाणी बाहेर जाण्यास छिद्रे असावीत. मात्र ती फार मोठी असल्यास वाळू आत येऊन कातडी सोलते. बूट पायास घट्ट बसणारा, परंतु न आवळणारा असावा. दिवसभराच्या चालण्याने पाय किंचित फुगत असल्याने बूट सायंकाळी घालून पाहणे श्रेयस्कर होय.

तथापि उत्तम बूट म्हणजे अभेद्य कवच नव्हे. दगडमाशाचा काटा पातळ तळ भेदून जाऊ शकतो. वाळूत दडलेला पाकट आपल्या शेपटीचा काटा घोट्यावर मारतो; म्हणून वाळूवर पाय न उचलता घासत चालावे, म्हणजे तो आधीच दूर सरकतो. शंकूच्या आकाराचे सुंदर शंख हाती घेऊ नयेत, कारण त्यांपैकी काहींचा दंश प्राणघातक असतो. दगडमाशाचा किंवा पाकटाचा काटा लागल्यास जखमी भाग सोसवेल इतक्या, सुमारे ४५ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात ३० ते ९० मिनिटे बुडवून ठेवावा. उष्णतेने वेदना पुष्कळ कमी होतात. पाण्याची उष्णता मात्र दुसऱ्याच्या किंवा निरोगी हाताने आधी तपासावी आणि रुग्णास विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. पाय सुरक्षित झाला की माणूस धीट होतो व जेथे अनवाणी गेला नसता, तेथे बुटांसह चालू लागतो. गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते एक-दोन सेंटिमीटर वाढतो. एका पावलाने मोडलेला भाग भरून येण्यास अनेक वर्षे लागतात. १९९८, २०१० व २०१६ मध्ये समुद्राचे पाणी तापल्यामुळे लक्षद्वीपच्या प्रवाळांची मोठी हानी झाली. जे उरले आहेत, त्यांवर माणसाच्या पावलांचा भार पडता कामा नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये प्रवाळांस संरक्षण असून मृत प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून नेण्यासही मनाई आहे. अंदमानात वंडूरजवळ महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ मध्ये स्थापन झाले, तेही या सृष्टीच्या रक्षणासाठीच.

सारांश, पाण्यातील बूट नावेतून उतरताना, खडकाळ काठावरून जाताना आणि वाळूच्या तळावर चालताना वापरावयाचे आहेत. जेथे जिवंत प्रवाळ सुरू होतो, तेथे चालणे थांबवावे व पाण्यावर तरंगतच त्याचे दर्शन घ्यावे. लक्षद्वीपची भूमीच प्रवाळांच्या सांगाड्यांनी घडली आहे. तेथे पाऊल टाकताना पायाइतकीच पायाखालच्या जिवाचीही काळजी घेणे, हे प्रवाशाचे कर्तव्य होय.