पाहावयास शिकलेली मुले

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळच्या परिसरात, किंवा मराठवाड्यातील कोणत्याही गावी, मोतीबिंदूमुळे दिसेनासे झालेली एखादी आजी तुम्ही पाहिली असेल. अंगणात कोण आले हे ती पावलांच्या आवाजावरून ओळखते. उंबरा ओलांडताना नातवाचा खांदा धरते. ताटातील भाकरी चाचपून घेते. मग घरचे लोक तिला शस्त्रक्रियेसाठी नेतात. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघते. आजी क्षणभर डोळे मिचकावते, समोर पाहते आणि नातवाला म्हणते, “किती उंच झालास रे बाळा!”

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील पारदर्शक भिंग गढूळ होणे. हे गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवितात. याच लातूर जिल्ह्यातील माकेगाव येथे एका शेतकरी कुटुंबात जन्मलेले डॉ. तात्याराव लहाने यांनी मोतीबिंदूच्या एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या आहेत. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी दीर्घकाळ काम केले. मध्यंतरी त्यांची स्वतःची मूत्रपिंडे निकामी झाली, तेव्हा त्यांच्या आईने आपले एक मूत्रपिंड त्यांना दिले आणि त्यांचे काम पुढे चालू राहिले. सन २००८ मध्ये त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला.

आता दुसरे दृश्य डोळ्यांपुढे आणा. तुमच्याच वयाचा एक मुलगा आहे. त्याच्या दोन्ही डोळ्यांत जन्मापासून मोतीबिंदू आहे. उजेड आणि अंधार यांपलीकडे त्याने काही पाहिलेले नाही. त्याच्यावरही तीच शस्त्रक्रिया होते, तसेच भिंग बसते, पट्टी निघते. समोर त्याची आई उभी असते. परंतु तो तिला ओळखत नाही! तिने हाक मारली की मग मात्र त्याचा चेहरा उजळतो.

असे का व्हावे? भिंग तेच, उजेड तोच. आजीला जे एका दिवसात साधले ते या मुलाला का साधू नये?

याचे उत्तर डोळ्यात शोधून सापडणार नाही. डोळ्याच्या मागील बाजूस एक पातळ पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. त्यावर प्रकाश टिपणाऱ्या दहा कोटींहून अधिक सूक्ष्म पेशी असतात. बाहेरच्या वस्तूची प्रतिमा त्या पटलावर उमटते, आणि तीही उलटी! तेथून सुमारे १० लाख तंतूंची एक दोरी, म्हणजे दृष्टितंतू, मेंदूकडे जाते. त्या दोरीतून चित्र जात नाही. केवळ विजेचे बारीक बारीक संकेत जातात. त्या संकेतांवरून “ही आई”, “हा बैल”, “हा दूरचा डोंगर” असा अर्थ लावण्याचे काम मेंदूचे. आजीच्या मेंदूने हे काम साठ वर्षे केले होते, म्हणून मध्ये खंड पडला तरी ते त्याला पुन्हा साधले. मुलाच्या मेंदूने ते कधी केलेच नव्हते.

मेंदू किती गुपचूप काम करतो हे तुम्हांला घरीच पाहता येईल. एका कोऱ्या कागदावर चार बोटांच्या अंतराने दोन ठिपके काढा, एक डावीकडे व एक उजवीकडे. डावा डोळा मिटा आणि उजव्या डोळ्याने डाव्या ठिपक्याकडे एकटक पाहा. आता कागद हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणा. एका ठिकाणी उजवा ठिपका एकाएकी नाहीसा होईल. दृष्टितंतू जेथून बाहेर पडतो तेथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. ठिपक्याची प्रतिमा नेमकी तेथे पडली की तो दिसत नाही. परंतु गंमत पुढेच आहे. त्या जागी तुम्हांला काळे भोक दिसते काय? नाही. तेथे कोरा कागद दिसतो. तेवढी जागा मेंदूने भोवतालच्या कागदावरून आपल्या मनानेच भरून काढलेली असते. आपण जन्मभर असे भरून काढलेले जग पाहत असतो आणि त्याची आपल्याला वार्ताही नसते!

आंधळ्याला दृष्टी आली तर त्याला काय दिसेल, हा प्रश्न फार जुना आहे. आयर्लंड देशातील डब्लिन शहरी विल्यम मॉलिनो नावाचे एक विद्वान राहत असत. त्यांच्या पत्नीची दृष्टी गेलेली होती. सन १६८८ मध्ये त्यांनी जॉन लॉक या तत्त्ववेत्त्याला पत्र लिहून एक प्रश्न विचारला. एक जन्मांध मनुष्य आहे. चेंडू कोणता व ठोकळा कोणता, हे तो स्पर्शाने अचूक सांगतो. उद्या त्याला दृष्टी आली आणि या दोन वस्तू समोर मेजावर ठेवल्या, तर हात न लावता, नुसत्या पाहून, तो त्या ओळखील काय?

तुम्ही काय उत्तर द्याल? पुढे वाचण्यापूर्वी थोडे थांबून विचार करा. मॉलिनो यांचे स्वतःचे उत्तर “नाही” असे होते व लॉक यांनाही ते पटले. इतर अनेक पंडितांना ते पटले नाही. वाद चालूच राहिला, कारण परीक्षा घेण्यास तसा मनुष्य मिळणेच कठीण होते.

चाळीस वर्षांनी, सन १७२८ मध्ये, विल्यम चेझल्डन या इंग्रज शल्यवैद्याने तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. लहानपणापासून आंधळ्या असलेल्या या मुलाच्या डोळ्यांवर त्याने शस्त्रक्रिया केली होती. प्रथम त्या मुलाला वाटे की, दिसणारी प्रत्येक वस्तू आपल्या डोळ्यांना टेकलेलीच आहे. घरातील मांजर कोणते व कुत्रा कोणता हे तो पुन्हा पुन्हा विसरे. ते विचारण्याचीही त्याला लाज वाटू लागली. मग एके दिवशी त्याने मांजर पकडले, त्याच्या अंगावरून हात फिरविला, बराच वेळ त्याच्याकडे निरखून पाहिले, आणि आता मी तुला ओळखीन असे म्हणून त्याला सोडून दिले. त्या मुलाचे मला मोठे कौतुक वाटते. हाताला जे ठाऊक होते ते त्याने डोळ्यांना शिकविले.

तरीही एका मुलाच्या हकीकतीवरून शास्त्र सिद्ध होत नाही. शिवाय विसाव्या शतकात एक नवीच शंका उत्पन्न झाली. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझल या शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या काळात मांजरीच्या पिलांवर प्रयोग केले. जन्मानंतरचे काही महिने पिलाचा एक डोळा बंद ठेवला, तर तो पुढे उघडल्यावरही पिलाला त्या डोळ्याने जवळजवळ काहीच दिसत नसे. डोळा निकोप असे. परंतु त्याच्याशी जोडलेला मेंदूचा भाग वेळेवर तयार झालेला नसे. या संशोधनाबद्दल त्यांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यावरून पुष्कळ डॉक्टरांचे असे मत झाले की, जन्मांध मूल सात-आठ वर्षांचे झाले की शस्त्रक्रिया करून उपयोग नाही. वेळ टळून गेली. या मतापायी अनेक मुले उपचारावाचून राहिली असतील.

पवन सिन्हा हे मूळचे भारतीय शास्त्रज्ञ. दिल्लीच्या आय. आय. टी. मध्ये त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे ते अमेरिकेतील एम. आय. टी. या विख्यात संस्थेत प्राध्यापक झाले. सन २००२ च्या सुमारास ते दिल्लीस आले असता रस्त्याच्या कडेला भीक मागणारी एक स्त्री त्यांना दिसली. तिच्याबरोबरच्या लहानग्याचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने पांढरे झाले होते. अशा मुलांना दृष्टी मिळावी, आणि मनुष्य पाहावयास कसा शिकतो याचाही अभ्यास व्हावा, या दुहेरी हेतूने त्यांनी एक काम सुरू केले. त्याला त्यांनी ‘प्रोजेक्ट प्रकाश’ असे नाव दिले. खेडोपाडी मुलांचे डोळे तपासावयाचे, ज्यांना उपचार शक्य आहे त्यांना दिल्लीच्या डॉ. श्रॉफ नेत्र रुग्णालयात आणून विनामूल्य शस्त्रक्रिया करावयाची, असा तो उपक्रम होय.

मॉलिनो यांच्या प्रश्नाची कसून परीक्षा आता शक्य झाली. आठ ते सतरा वर्षे वयाच्या पाच मुलांना शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांच्या आत एक खेळ देण्यात आला. खेळण्यांतल्या ठोकळ्यांसारखे मोठे आकार तयार केले होते. एक आकार पाहावयाचा आणि मग दोन आकारांतून पाहूनच तो निवडावयाचा. हे मुलांना चांगले साधले. म्हणजे त्यांना दिसत होते. एक आकार चाचपावयाचा आणि चाचपूनच पुन्हा निवडावयाचा. हेही उत्तम साधले. परंतु चाचपलेला आकार नुसता पाहून निवडा असे म्हटल्यावर त्यांची उत्तरे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखी आली, कधी बरोबर तर कधी चूक. हात आणि डोळे यांची अजून ओळखच झालेली नव्हती! २०११ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि मॉलिनो यांचे “नाही” खरे ठरले.

मात्र खरी आनंदाची गोष्ट यापुढची आहे. त्यांच्यापैकी काही मुलांची थोड्याच दिवसांनी पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा त्यांची उत्तरे पुष्कळच सुधारली होती. त्यांना कोणी मुद्दाम शिकविले नव्हते. हाताने वस्तू उचलाव्या, डोळ्याने पाहाव्या, एवढ्यावरच मेंदूने दोन्हींची सांगड घातली. म्हणजे वेळ अगदीच टळून गेलेली नव्हती.

ही मुले पाहावयास कशी शिकत गेली, हे मोठे मनोवेधक आहे. आरंभी त्यांना जग रंगीत तुकड्यांचे दिसते. पांढऱ्या गाईच्या अंगावर काळा डाग असेल, तर डाग ही एक वस्तू व उरलेली गाय ही दुसरी वस्तू असे त्यांना वाटू शकते. चेंडूची सावली हीही एक निराळीच वस्तू! एकावर एक आलेली दोन चित्रे त्यांना वेगळी करता येत नाहीत. परंतु तीच चित्रे हलू लागली की उलगडा होतो. जे तुकडे बरोबर हलतात ते एका वस्तूचे, हे मेंदू चटकन ताडतो. गाय चालू लागली की डागही तिच्याबरोबर चालतो. मग तो तिचाच. पाळण्यावर बांधलेले चिमणाळे हलताना तान्हे बाळ टक लावून का पाहते, याचे कारणही कदाचित यातच असेल.

परंतु सर्वच गोष्टी शिकाव्या लागतात असेही नाही. लातूर रोड स्थानकाच्या फलाटावरून रुळांकडे पाहिले तर दूर जाता जाता ते एकमेकांजवळ येत आहेत असे भासते. अशा जवळ येणाऱ्या दोन रेघांमध्ये सारख्याच लांबीच्या दोन आडव्या रेघा काढल्या, तर वरची रेघ आपल्याला लांब वाटते. हा भ्रम अनुभवाने निर्माण होत असावा असे बहुतेकांना वाटे. परंतु शस्त्रक्रियेनंतर लगेच ही चित्रे दाखविली, तेव्हा नुकतीच दृष्टी आलेली मुलेही अगदी तशीच फसली! २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झाले. मेंदूत काय उपजत असते व काय कमावलेले असते, याची सीमारेषा आपल्या अंदाजाने काढता येत नाही हेच खरे.

उशिरा शस्त्रक्रिया झालेल्या मुलांची नजर पुष्कळ सुधारली, तरी ती तुमच्याआमच्याइतकी तीक्ष्ण होत नाही. म्हणून जन्मजात मोतीबिंदू जितका लवकर, म्हणजे पहिल्या काही आठवड्यांतच, ओळखला जाईल तितके बरे. बाळाच्या डोळ्याच्या मधोमध काळ्याऐवजी पांढुरका ठिपका दिसला, किंवा बाळ आईच्या चेहऱ्याकडे पाहीनासे असले, तर त्याला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. या दुखण्याच्या कारणांपैकी एक कारण टाळता येण्याजोगे आहे. गरोदर स्त्रीला रुबेला नावाचा वरवर सौम्य दिसणारा ताप-पुरळाचा आजार झाला, तर पोटातील बाळाला मोतीबिंदू होऊ शकतो. नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियन नेत्रवैद्याने १९४१ मध्ये हे दाखवून दिले. २०१७ पासून आपल्या देशात गोवर-रुबेलाची जोडलस दिली जाऊ लागली. लस टोचून घेताना दंड दुखतो तो याही कारणासाठी.

या मुलांपासून यंत्रांनाही एक धडा मिळाला आहे. आज चेहरा ओळखणारी, वस्तू ओळखणारी संगणक-यंत्रे सर्वत्र आहेत. त्यांना हजारो चित्रे दाखवून ‘पाहावयास’ शिकवितात. ही चित्रे पहिल्यापासून स्वच्छ व रंगीत असावीत असे कोणालाही वाटेल. परंतु नवजात बाळाचा विचार करा. त्याची नजर अंधुक असते आणि रंगही त्याला फिकेच दिसतात. ते हळूहळू उजळत जातात. उशिरा दृष्टी आलेल्या मुलांना मात्र पहिल्याच दिवशी रंग झगझगीत दिसतात. त्यांना रंगीत चित्रांतील वस्तू ओळखता येतात. तीच चित्रे काळ्यापांढऱ्या रंगांत दाखविली की ती अडखळतात. इतर मुले तशी अडखळत नाहीत. सिन्हा व त्यांच्या सहकाऱ्यांना वाटले, फिक्या रंगांपासून सुरुवात होणे हीच बाळाची सोय तर नसेल? त्यांनी संगणकाला प्रथम करड्या चित्रांवर व नंतर रंगीत चित्रांवर शिकविले. त्या संगणकाने दोन्ही प्रकारची चित्रे चांगली ओळखली. जो पहिल्यापासून रंगीत चित्रांवर शिकला होता, तो रंग काढून घेताच त्या मुलांसारखाच गोंधळला. २०२४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी चेहऱ्यांच्या अंधुक व स्वच्छ चित्रांबाबतही असेच आढळले होते.

तेव्हा तुमच्या घरी तान्हे बाळ असेल, तर आज त्याच्या डोळ्यांपुढून तुमची रंगीत ओढणी किंवा रुमाल सावकाश हलवून पाहा. त्याची नजर रुमालामागे कशी जाते, कोठे अडखळते व पुन्हा कशी येऊन मिळते, ते न बोलता पाहत राहा.