जेएनयूतली कोरियन: भाषेकडून देशाकडे

दक्षिण दिल्लीत, अरवलीच्या खडकाळ माळावर जवाहरलाल नेहरू विद्यापीठ पसरले आहे. संसदेने त्याचा कायदा १९६६ साली केला आणि २२ एप्रिल १९६९ रोजी विद्यापीठ सुरू झाले. पहिले कुलगुरू जी. पार्थसारथी हे मुरब्बी मुत्सद्दी होते. परदेशी भाषा आणि आंतरराष्ट्रीय अभ्यास हे या विद्यापीठाचे पहिल्यापासूनचे बलस्थान. १९५५ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय अभ्यासाची स्वतंत्र संस्था पुढे इथेच विलीन झाली.

या घडणीत एक मराठी माणूस ठळकपणे दिसतो. ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’चे नाटककार गो. पु. देशपांडे इथे चीनविषयक अभ्यासाचे प्राध्यापक होते. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपुरात वाढलेल्या या अभ्यासकाने दिल्लीत चीन शिकवला आणि नाटके मात्र मराठीतच लिहिली. ते ज्या आंतरराष्ट्रीय अभ्यास संकुलात शिकवत, तिथल्या पूर्व आशिया केंद्रात चीन आणि जपानबरोबर कोरियाचाही अभ्यास होतो. भाषा संकुलात कोरियनचे स्वतंत्र केंद्र असून पदवीपासून संशोधनापर्यंतची सोय आहे.

मराठी विद्यार्थ्याला ही भाषा वाटते तितकी परकी नाही. राजा सेजोंगने १४४६ साली जाहीर केलेल्या हांगुल लिपीत आज २४ मूळ अक्षरे आहेत. काही व्यंजनांचे आकार तर उच्चार करताना जीभ आणि ओठ जसे असतात त्यावरूनच घेतलेले. ‘मी शाळेत जाते’ हे कोरियनमध्ये साधारण ‘जॉनन हाक्क्योए गायो’ असे होते. ‘हाक्क्यो’ म्हणजे शाळा आणि तिला चिकटलेला ‘ए’ आपल्या ‘त’ प्रत्ययाचे काम करतो. क्रियापद आपल्यासारखेच शेवटी. मात्र ‘जातो’ असो की ‘जाते’, कोरियनमध्ये ‘गायो’च. आपण ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांतून मान देतो. तिथे तो क्रियापदाच्या शेवटात उतरतो. समोर कोण आहे, हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरे करता येत नाही. व्याकरणाच्या या एका नियमात कोरियन समाजातली वडीलकी, हुद्दा आणि आपुलकी दिसते. म्हणूनच भाषेबरोबर इतिहास आणि समाज शिकावा लागतो.

या शिक्षणाला आज मागणीही आहे. दिल्लीच्या आसपास नोएडात सॅमसंग आणि ग्रेटर नोएडात एलजी यांचे कारखाने आहेत. ९ जुलै २०१८ रोजी नोएडातल्या सॅमसंगच्या विस्तारित मोबाइल कारखान्याच्या उद्घाटनाला कोरियाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मून जे-इन स्वतः आले होते. महाराष्ट्रात रांजणगावला एलजी आहे आणि तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात माध्यमिक स्तरावर शिकवायच्या परदेशी भाषांमध्येही कोरियनचे नाव आहे.

तरीही दुभाष्याच्या नोकरीपुरतेच या शिक्षणाकडे पाहणे तोकडे ठरेल. कारखान्याला दुभाषा लागतो. देशाला मात्र कोरियातली वर्तमानपत्रे, कायदे आणि कादंबऱ्या मुळातून वाचणारी माणसे लागतात. ती घडवायला वर्षे जातात आणि तेवढा धीर सरकारी विद्यापीठच धरू शकते. इथे शिक्षणशुल्क अत्यल्प आहे आणि पदवीचे प्रवेश सीयूईटी या सामायिक परीक्षेतून होतात. बारावीनंतर काय, हा प्रश्न ज्या घरात चालू असेल, त्या घराने इंजिनिअरिंगच्या यादीशेजारी हा अभ्यासक्रमही जरूर लिहून ठेवावा.